दसऱ्याआधीची गल्ली

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

सिमेंट कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी टेबलाच्या खणात होती. दहा महिने कोरी. आज शिक्का शोधताना हाती लागली.

पेणला बिल्डर साईराजच्या इमारतीचा तिसरा स्लॅब ओतून झाला. सकाळी सात ते दुपारी तीन. मी त्यातले दोन तास उभा होतो. गुडघा दुखतो. माझी मुलगी दिशा वर चढून लोखंड तपासून आली. तिच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. नकाशावर सही तिची. मी आता फक्त मोजतो, उभा राहतो आणि घरी येतो.

रोह्याला पोचायला साडेसात झाले. नागोठण्याला बस अर्धा तास थांबली. का, ते कोणी विचारलं नाही.

उरलेली पानं भरावीत असं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

इमारतीबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

जुन्या पेठेत किती उंच बांधायचं ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता नऊ मीटर असेल तर तळमजल्यावर सात मजले. त्याच्या खाली असेल तर तीन. या गल्लीची मोजणी नऊ मीटर आली. मोजणी माझी, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली. पाऊस थांबला होता, जमीन सुकली होती, म्हणून त्या आठवड्यात मोजलं. यंदा मे महिन्यात परवानगी आली.

जागा पूर्वी पोह्याच्या गिरणीची होती. समोर, उत्तरेच्या अंगाला, विमलबाईंचा गणपतीचा कारखाना आहे. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्याच चालवतात. शाडूशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. आमच्या घरचा गणपती त्यांच्याकडूनच येतो.

एवढंच आहे. लिहिल्यावर फार वाटत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

विमलबाईंकडे गेलो होतो. पुढच्या गणपतीच्या मूर्तीचं सांगायला. एक फूट, बैठी, दरवर्षीसारखी.

“काय भाऊ, आज टेप नाय?”

मला पाहिलं की त्या हेच विचारतात. गेल्या वर्षी मोजताना टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. गटाराचं काम निघालंय असं त्यांना वाटलं होतं. मी तसं सांगितलं नव्हतं. तसं नाही, असंही सांगितलं नव्हतं.

अंगणात बारा फळ्या ओळीने मांडल्या आहेत, पडवीपासून मागच्या भिंतीपर्यंत. प्रत्येकीवर चौदा-पंधरा मूर्ती. साच्यातून काढलेली मूर्ती आठ दिवस पडवीत सावलीला ठेवतात, मग अंगणात उन्हाला. ऊन हिवाळ्याचंच लागतं. ते मऊ असतं, मातीतलं पाणी हळूहळू ओढून घेतं. चैत्रापासूनचं ऊन एकदम ओढतं आणि मूर्ती तडकते. हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

“किती माळे चढवताय?” त्यांनी विचारलं.

“परवानगी सातची आहे.”

“सात.” त्यांनी समोर पाहिलं. “आमच्या गल्लीत रिक्षा वळत नाय भाऊ. सात माळ्यांची मान्सं कशी वळायची?”

तिथल्या दोघी बाया हसल्या. मीही हसलो.

निघताना त्यांनी माझ्या मूर्तीची जागा दाखवली. पहिली फळी, रस्त्याकडची. “हितं ठेवीन. येता-जाता दिसंल तुमास्नी.” इतकी वर्षं कुठे ठेवत होत्या ते मी कधी पाहिलं नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकाचा मान असावा.

३ डिसेंबर, मंगळवार

दिशा पेणलाच खोली घेऊन राहते. ऑफिसच्या मागे, दोन गल्ल्या सोडून. रोज रोह्याहून येणं तिला नको वाटतं. बरोबर आहे.

दुपारी डबा खाताना म्हणाली, “बाबा, विमलबाईंचं मालमत्ता पत्रक पाहिलंत का तुम्ही?”

“कशाला?”

“पडवी त्यांच्या हद्दीत दिसते. पुढच्या खांबापर्यंत.”

“जुनी पत्रकं आहेत. त्या मापांवर जाऊ नये.”

“गल्ली तुम्ही कधी मोजली होती?”

“ऑक्टोबरात.”

“किती तारखेला?”

वहीत बघावं लागेल, असं मी म्हणालो. तिने डबा बंद केला. पोळी उरली होती.

पडवीचं असं आहे. त्या गल्लीतले सगळे कारखानदार घरापुढे बांबू रोवून वर ताडपत्री टाकतात. दोन्ही बाजूंना, एक मीटर साठ. विसर्जन झालं की बांबू उपटतात, जमीन सारवतात, भिंतीला चुना मारतात. गल्ली मोकळी पडते. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की पुन्हा त्याच खड्ड्यांत बांबू उभे राहतात. त्यांचे आजे-पणजे हेच करत आले. जमीन त्यांचीच, पण वर्षातले वीस-पंचवीस दिवस ती रस्त्यासारखी दिसते.

११ डिसेंबर, बुधवार

चौथा स्लॅब. तळमजला आणि वर तीन मजले झाले. बाहेरून पाहिलं तर पुरी झालेली इमारत वाटते.

दिशा स्लॅबवरून खाली आली नाही. कठड्याशी उभी राहून समोरच्या अंगणात बघत होती. मी हाक मारली तेव्हा उतरली.

“बाबा, आपण इथे थांबलो तर?”

“म्हणजे?”

“असंच विचारलं. तुम्हाला काही सांगायचंय का?”

तिला वाटलं मी दमलोय. दमलो आहेच. उद्या येत नाही म्हणालो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल घरीच होतो. गुडघ्याला शेक दिला.

ऑफिसातला मोठा टेप सापडत नाही. तीस मीटरचा, पिवळा. दिशा म्हणाली, शोधते.

२१ डिसेंबर, शनिवार

सर्वांत लहान दिवस. आज मुद्दाम गेलो.

सूर्य डोक्यावर यायला आपल्याकडे साडेबारा उलटतात. त्या वेळी गल्लीत उभा राहिलो. चार स्लॅबची सावली पडवीच्या आतल्या खांबाशी येऊन थांबली. पहिल्या फळीच्या वीतभर अलीकडे. सगळ्या मूर्ती उन्हात होत्या. कोणी आखून द्यावी तशी ती रेघ.

ऑफिसात येऊन कागदावर आखलं. आजच्या उन्हात एका मजल्याची सावली दोन मीटर सत्तर. पाचवा स्लॅब ओतला की तीन फळ्या जातील. सहावा, सहा. सातवा, नऊ. आठव्या स्लॅबला सावली मागच्या भिंतीला टेकते. हिशोब इतका नेमका येईल असं वाटलं नव्हतं. पुन्हा आखलं. तसंच आलं.

तीन मजल्यांचा नियम कोणी केला, त्याने ही गल्ली पाहिली असेल का? नसेल. पण बसतो.

मे महिन्यात साईराजने विमलबाईंना सावली दाखवली होती. त्यांनी तक्रारीची भाषा केली होती म्हणून. भर दुपारी मजुराला आठ मीटरचा बांबू उभा धरायला लावला. “बघा मावशी, सावली त्याच्या पायातसुद्धा मावतेय. तुमचं गटारसुद्धा ओलांडत नाही.” मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा कशाचीच सावली पडत नाही. हे मला ठाऊक होतं. मी शेजारी उभा होतो. छत्री उघडली होती.

२६ डिसेंबर, गुरुवार

साईराज जेवायला आला होता. रोह्याजवळच्या वरसेतली आमची ही जागा त्यानेच करून दिली. एकवीस साली कुंडलिकेचं पाणी जुन्या घरात छातीपर्यंत आलं, तेव्हा आम्ही तळमजल्याला होतो. हिची शिलाई मशीन, माझे तीस वर्षांचे नकाशे, सगळं गेलं. चौथ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. “काका, तिसरा मजला. नदीला लिफ्ट मिळाली तरच वर येईल.” ही अजून ते वाक्य पाहुण्यांना सांगते.

त्याला विमलबाईंच्या फळ्यांचं सांगितलं. कागद दाखवला.

“त्यावर मी विचार केलाय काका. गच्ची देतो ना त्यांना. सगळं ऊन त्यांचंच.”

“ओली मूर्ती सात मजले वर न्यायची?”

“लिफ्ट आहे.”

“हादऱ्याने कान पडतात.”

“मग चार महिने कारखाना वडखळकडे न्यायचा. लोक नेतात.” त्याने ताक मागितलं. मग म्हणाला, “कंपनीतली पोरं जागा मागतायत. पेणमध्ये राहायचं, शिफ्टला नागोठण्याला जायचं. त्यांना मी काय सांगू? माती वाळायची आहे, थांबा?”

त्याचं चूक नाही. राहायला जागा लागते. मला लागली होती.

पाचवा स्लॅब नऊ जानेवारीला धरलाय.

२८ डिसेंबर, शनिवार

गच्चीचा निरोप मीच विमलबाईंना दिला. साईराज म्हणाला होता, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात.

त्या सोंड लावत होत्या. ओल्या बोटाने सांधा पुसत राहिल्या.

“गनपती चढंल भाऊ. त्याला चार हात हाईत. मी नाय चढनार.”

बाया हसल्या नाहीत.

३१ डिसेंबर, मंगळवार

डिसेंबरची पानं आज संपली. उद्यापासून सुरुवातीची कोरी राहिलेली पानं वापरीन, छापलेली तारीख खोडून.

नोव्हेंबरात लिहिलं होतं की पाऊस थांबला म्हणून त्या आठवड्यात मोजलं. ते तसं नव्हतं. विसर्जन होऊन आठवडा झाला होता, साईराजचा फोन आला. “काका, दसऱ्याच्या आत मोजून टाकू.” का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या गल्लीत मी तीस वर्षं जातोय. पाच मीटर ऐंशीची गल्ली आहे. दोन्हीकडचे एक साठ धरले की नऊ होतात. अकरा ऑक्टोबरला मी ते धरले. विमलबाईंनी टोक भिंतीला टेकवून विचारलं होतं, “हितं का?” मी म्हणालो, “हो, तिथेच.”

दिशा त्या दिवशी रोह्यात होती. तिला मी आकडा सांगितला. तिने लिहून घेतला.

चूक झाली असं म्हणता येईल का? मोजताना आकडा चुकला नव्हता.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नगरपालिकेला पत्र लिहायला घेतलं. ‘सदर गल्लीची प्रत्यक्ष रुंदी पाच मीटर ऐंशी असून नकाशात दर्शवलेली रुंदी ही...’ इथे थांबलो. दर्शवलेली कोणी? नकाशावर नाव दिशाचं आहे. रुंदी चुकीची म्हटली की पहिली नोटीस तिला जाईल. तिचा परवाना अजून दोन वर्षांचा झाला नाही. माझं काय, मी साठीला आलो.

म्हणजे तिच्यासाठीच थांबलं पाहिजे.

संध्याकाळी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“काय लिहिताय?”

“काही नाही. जुनं पत्र.”

“बाबा, नऊ तारखेच्या आत काही करायचं असेल तर सांगा. मी थांबते.”

स्लॅबची तयारी म्हणत असेल. म्हटलं, साईराज बघेल, तू घाई करू नकोस.

६ जानेवारी, सोमवार

पत्र खिशात घालून नगरपालिकेपर्यंत गेलो होतो. आवक खिडकी दोनला बंद होते. मी दोनला पाच कमी असताना पायऱ्यांवर होतो. गुडघा.

परत येताना विमलबाईंच्या दारात टेकलो. त्यांनी चहा दिला.

“तुमची पोर येऊन गेली. टेप घेऊन.”

“कधी?”

“झाले की बरेच दिस. दुसरं टोक मीच धरलं. आमच्या नशिबी टोकच हाय.” कपबशी उचलत म्हणाल्या, “तुमच्यावानी नाय ती. खांबाला धरून मोजलं. मग भितीला धरून मोजलं. मग हितंच बसली, तुमी बसलाय तितं.”

“काय म्हणाली?”

“काय नाय. पानी मागितलं.”

गटाराच्या नकाशासाठी मोजलं असेल. नवीन इमारतीचं गटार जोडायचंच आहे. टेपचा पत्ता तरी लागला.

९ जानेवारी, गुरुवार

पाचवा स्लॅब ओतून झाला.

मी गेलो नाही. दिशा होती. संध्याकाळी तिने फोन केला. “झाला, बाबा.” मी विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. विमलबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाल्या नाहीत. विसरल्या असाव्यात.

साडेबाराला सावली तिसऱ्या फळीवर होती. सहा दिवसांपूर्वी तिथे ऊन होतं. सूर्य थोडा वर सरकलाय, तरी पहिल्या दोन फळ्या पूर्ण गेल्या, तिसरी अर्धी. त्यांनी मूर्ती मागे सरकवून पाहिल्या, पण मागे जागा नाही. पडवीतून नव्या येतात त्या ठेवायला मागच्या फळ्या लागतात.

माझा गणपती पहिल्या फळीवरच होता. डावीकडून तिसरा. बोट लावून पाहिलं. ओठाखाली गार लागला.

“हलवला नाहीत?”

“तुमचा हाय. तुमास्नी विचारल्याबिगर कसा हलवू?”

खरं तर त्या न विचारता हलवू शकल्या असत्या.

१६ जानेवारी, गुरुवार

बाराला नगरपालिकेत पोचलो. आवक खिडकीवर हिना मुकादम बसते. तिच्या घराचा नकाशा मी काढला होता, तेव्हा ती शाळेत होती. पत्र दिलं. तिने वाचलं आणि सिटी सर्व्हे नंबर पुन्हा पाहिला.

“काका, याच जागेचं पत्र शुक्रवारीच आलंय.”

“कोणाचं?”

तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. दहा जानेवारी. दिशाचं नाव, तिची सही. पत्राची प्रत तिने दाखवायला नको होती, पण दाखवली. टेबलावर ठेवली आणि स्वतः कपाटाकडे वळली.

दिशाचं पत्र पाऊण पानाचं आहे. गल्लीची रुंदी पाच मीटर ऐंशी. दोन्ही बाजूंच्या पडव्यांची जागा खाजगी मालकीची. सोबत मालमत्ता पत्रकं. चौथ्या स्लॅबवरील बांधकाम थांबवावं. शेवटी, ‘मूळ मोजणी मी स्वतः केली असून त्यातील चुकीस मीच जबाबदार आहे.’

“काका, तुमच्या पत्रात मोजणी तुम्ही केली असं आहे.”

“हो.”

“तिच्या पत्रात तिने केली असं आहे.”

“मी केली.”

“एकच टेप, दोघांनी चूक केली?” तिने हळू विचारलं. “घेऊ ना हे? घेतलं की परत देता येत नाही.”

“घे.”

तिने शिक्का मारला. पोच माझ्या हातात दिली. वेळ बारा वाजून चाळीस मिनिटं.

तिथून दिशाच्या खोलीवर गेलो. ती कपडे वाळत घालत होती.

“तू तिथे नव्हतीस.”

“सही माझी होती, बाबा.”

“मला का नाही विचारलंस?”

“विचारलं. तीनदा.”

घरी येऊन ही डायरी उलटली. तीन डिसेंबर. अकरा डिसेंबर. दोन जानेवारी. तिन्ही माझ्याच अक्षरात आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

काम थांबवण्याची नोटीस लागली. साईराज ऑफिसात आला. ओरडला नाही. खुर्ची ओढून बसला.

“मला सांगायचं ना काका. मी चौथ्यावर थांबलो असतो.”

“दसऱ्याच्या आत मोजू, असं तू म्हणाला होतास.”

“म्हणालो. मोजलं तुम्ही.”

तो आणखी थोडा वेळ बसला. दिशाने चहा मागवला, तो त्याने प्यायला. जाताना मला म्हणाला, “काकूंना सांगा, लिफ्टचं काही असलं तर फोन करायचा. याचा त्याच्याशी संबंध नाही.” ते त्याने मनापासून म्हटलं. त्यामुळे जास्त दमल्यासारखं झालं.

हिला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. “पोरीला आधी सांगायचंत,” म्हणाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुनावणी झाली. वर्षभर माझा परवाना बंद. दिशाचा सहा महिने. दोघांच्या पत्रांतला फरक त्यांनी विचारला, तेव्हा मी उभा राहिलो आणि अकरा ऑक्टोबरची मोजणीची वही पुढे ठेवली. मोजणारा म्हणून वहीत नाव माझंच होतं. दिशा खाली बघत होती.

साईराज वर अपिलात गेलाय. निकाल लागेपर्यंत पाचवा स्लॅब पाडायचा नाही, वर चढवायचंही नाही. खांबांच्या सळया तशाच वर आलेल्या आहेत. त्यांना कोणीतरी प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या आहेत.

मी सहा जानेवारीला पाच मिनिटं आधी पोचलो असतो तर तो ओतला गेला नसता. किंवा दोन तारखेला पत्र पुरं केलं असतं. किंवा अकरा डिसेंबरला ती कठड्याशी उभी होती तेव्हा. असं मागे जाता येतं. थेट बांबूपर्यंत.

३ मार्च, सोमवार

ऑफिसला कुलूप. दिशा सध्या पनवेलला एकाकडे नकाशे काढून देते, स्वतःच्या नावाशिवाय. रविवारी रोह्याला आली होती. आम्ही दोघं जेवलो, भांडी तिने घासली. टेप परत आणून दिला. मी तो खणात ठेवला.

पुस्तक वाचायला घेतलं. पान पुढे जात नाही.

५ एप्रिल, शनिवार

विमलबाईंनी निरोप पाठवला होता. दिशाकडे. आम्ही दोघं गेलो.

पाडवा होऊन आठवडा झाला. ऊन आता वरून येतं. इमारतीची सावली पडवीतसुद्धा शिरत नाही. साईराजने मे महिन्यात दाखवली होती तशीच. समोर पाच स्लॅब उभे आहेत आणि अंगण पूर्ण उन्हात आहे. नव्या माणसाला काही सांगितलं तर तो म्हणेल, कुठे आहे सावली?

पहिल्या तीन फळ्यांवरच्या मूर्ती हिवाळ्यात सुकल्या नाहीत. आता सुकल्या, चैत्राच्या उन्हात, आठ दिवसांत. बेचाळीस तडकल्या. काहींच्या सोंडेशी, काहींच्या पाठीत. मागच्या नऊ फळ्या धड आहेत.

“भेगा भरता येतात ना?” मी विचारलं.

“येतात. वर रंग मारला की दिसत पन नाय.” त्यांनी हात पदराला पुसले. “पन मला म्हाईत हाय ना. लोकान्ला देवाचं काय देऊ मी?”

अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा हौद आहे. तडकलेल्या मूर्ती त्यात टाकून पुन्हा माती करायची. एकेचाळीस टाकून झाल्या होत्या. पाणी राखाडी झालं होतं. पहिल्या फळीवर एकच उरली होती, डावीकडून तिसरी.

“ही ठेवलीय. तुमची हाय.”

उजव्या कानामागून खांद्यापर्यंत भेग गेली होती. नख जाईल एवढी.

“ही पहिल्या फळीवर का ठेवली होती तुम्ही?” मी विचारलं.

“सांगितलं व्हतं की. येता-जाता दिसंल म्हनून.”

दिशा माझ्याकडे बघत नव्हती. ती बांबूच्या खड्ड्यापाशी उकिडवी बसून त्याच्या कडेची माती दाबत होती. खांब सैल झाला होता.

“तुमची तुमीच टाका भाऊ.”

मी मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्याहून हलकी. हौदाच्या कडेला गुडघा टेकवला, दुखला, तसाच टेकवून ठेवला. मूर्ती पाण्यात सोडली. ती बुडाली आणि तळाशी सरळ बसली, पाटावर बसते तशी. मग भेगेतून बुडबुडे यायला लागले. कान सुटला. बाकी तशीच होती. मला वाटलं होतं लगेच विरघळेल. मी बघत राहिलो.

विमलबाईंनी मागून स्टूल सरकवलं.

“बसा भाऊ,” त्या म्हणाल्या. “ह्याला येळ लागतो.”